पाचगणीचं पॅराग्लायडिंग नव्हे, विमानातून उडी: सातारा-सांगलीहून एएफएफ शिकायला निघालेल्यांसाठी धागा

घाटमाथा

पाचगणीच्या पॅराग्लायडिंगच्या धाग्यात स्कायडायव्हिंगचे प्रश्न घुसायला लागले आणि उत्तरं देताना दोन्हींचा काला व्हायला लागला, म्हणून हा वेगळा धागा. टँडमबद्दल, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन मारायच्या उडीबद्दल, इथे फार बोलायला नको. त्यात तुम्ही सामान असता. हा धागा स्वतःच्या पाठीवर पॅराशूट घेऊन, स्वतः उघडून, स्वतः उतरायला शिकणाऱ्यांसाठी.

आधी फरक. पाचगणीला पंख कड्यावर पसरतात, वाऱ्यावर डोक्यावर उभा करतात, नीट भरला का बघतात आणि मगच पळत सुटतात. गाठ असेल, दोरी अडकली असेल, तर ती जमिनीवरच दिसते. स्कायडायव्हिंगमध्ये पंख घडी घालून पाठीवरच्या पिशवीत असतो आणि ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेगाने पडताना तो उघडायचा असतो. उघडला की नाही, हे उघडल्यावरच कळतं. म्हणून पाठीवर दोन पॅराशूट: मुख्य आणि राखीव.

दुसरा फरक पल्ल्याचा. पॅराग्लायडर एक मीटर उतरेपर्यंत आठ-दहा मीटर पुढे जातो. विद्यार्थ्याची चौकोनी कॅनॉपी, म्हणजे उघडलेलं पॅराशूट, अडीच-तीन मीटर जाते. थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, धरून टेबल लँडवर तासभर घिरट्या घालायचा विषयच नाही. ५००० फुटांवर उघडलं तर पाचेक मिनिटांत पाय जमिनीवर.

शिकायचे मुख्य रस्ते दोन. स्टॅटिक लाइनमध्ये विमानाला बांधलेली पट्टी पॅराशूट ओढून काढते. उडी ३०००-४००० फुटांवरून आणि फ्री फॉल, म्हणजे पॅराशूट न उघडता पडणं, जवळजवळ शून्य. एएफएफमध्ये, म्हणजे ॲक्सिलरेटेड फ्री फॉलमध्ये, पहिलीच उडी १३,००० फुटांच्या आसपास, दोन्ही बाजूंना एकेक प्रशिक्षक तुम्हाला धरून, आणि पॅराशूट तुम्ही स्वतः ५५०० फुटांवर उघडायचं. आधी सहा ते आठ तास जमिनीवरचा वर्ग. पहिल्या तीन पातळ्यांना दोन प्रशिक्षक, चौथीपासून एक. मग ९० अंशांची वळणं, ३६० अंशांची वळणं, कोलांटी, एकट्याने दारातून निघणं, आणि शेवटी कमी उंचीवरून निघून लगेच उघडणं.

भारतात हरियाणातल्या नारनौलजवळ टँडम उड्या होतात. परवान्यापर्यंतचा कोर्स थायलंड, दुबई, स्पेन, अमेरिका इथल्या ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्यांच्या तळांवर, करता येतो. अमेरिकन संघटनेचा, म्हणजे यूएसपीएचा, ए परवाना २५ उड्यांना मिळतो. खालचे आकडे त्याच पद्धतीचे आहेत. तुमच्या शाळेने वेगळा आकडा सांगितला तर शाळेचा खरा.

उसाचा_फड

धागा काढलात ते बरं झालं. माझे प्रश्न: पोटात गोळा येतो का? श्वास घेता येतो का? १३,००० फुटांवरून पडायला किती वेळ लागतो? आणि पडताना गरगर फिरायला लागलो तर?

घाटमाथा

पोटात गोळा येत नाही. जत्रेतल्या पाळण्यात तो येतो, कारण तिथे वेग एकदम बदलतो. विमान आधीच ताशी दीडशेच्या आसपास जात असतं, तुम्ही त्याच वेगात बाहेर पडता आणि पुढचा वेग खालच्या वेगात हळूहळू बदलतो. श्वास येतो. ज्यांना येत नाही ते तो धरून बसलेले असतात. ओरडायला लावलं की सुटतो.

वेळेचं गणित पाठच करा. पहिल्या १००० फुटांना साधारण १० सेकंद, नंतर दर १००० फुटांना साडेपाच. १३,००० ते ५५०० म्हणजे ७५०० फूट. १० अधिक ३६, म्हणजे पाऊण मिनिट.

आकडे डोळ्यांसमोर यावेत म्हणून आपल्याकडची मापं घ्या. अजिंक्यताऱ्यावरून पोवई नाका दिसतो, तो साधारण १००० फुटांचा फरक. पाचगणीच्या कड्यावरून धोमचं पाणी दिसतं, तो १८०० ते २००० फूट. आता साडेपाच सेकंदांचं माप लावा: पॅराशूट न उघडता पाचगणी ते धोम ११ सेकंद, अजिंक्यतारा ते पोवई नाका साडेपाच. विद्यार्थ्याने "हे पॅराशूट ठीक आहे की नाही" हा निर्णय २५०० फुटांपर्यंत घ्यायचा असतो. म्हणजे पाचगणीपेक्षा बऱ्याच वर असताना. तो आकडा एवढा वर का, हे या हिशोबावरून कळतं.

गरगर फिरण्याबद्दल शरीरस्थितीचं कोणीतरी नीट लिहा. @मिरजमळा?

मिरजमळा

लिहितो. सगळा खेळ कमानीचा आहे. कंबर पुढे, म्हणजे पडताना खाली, हनुवटी वर, हात कोपरात काटकोनात आणि खांद्याच्या रेषेत, पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघ्यात ४५ अंश, चवडे ताणलेले. बॅडमिंटनचं फूल कसंही फेकलं तरी बूच खाली करून पडतं ना, तेच. कंबर सगळ्यात खाली असेल तर हवा तुम्हाला आपोआप पोटावर आणते. कमान मोडली, पोट आत घेतलं, की पालथी पडलेली वाटी होते आणि ती डुचमळायला लागते.

बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त पायांत. डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून पाय विसरले जातात. टाचा ढुंगणाकडे गेल्या की शरीर मागे घसरतं. पाय जास्त ताणले की पुढे पळतं. एक पाय दुसऱ्यापेक्षा खाली राहिला की वळण सुरू. फिरायला लागल्यावर बहुतेक जण हातांनी सावरायला जातात, पण कारण पायात असतं. आधी कमान, मग दोन्ही पाय सारखे ताणायचे. फिरणं थांबतं.

दुसरी चूक म्हणजे ताठरपणा. अंग लाकडासारखं केलं की हवेत फळी थरथरते तसं होतं. प्रशिक्षक त्यासाठी अंगठा आणि करंगळी काढून हात हलवून दाखवतो: सैल सोड. बाकीच्या खुणा: दोन बोटं सरळ म्हणजे पाय लांब कर, दोन बोटं वाकवलेली म्हणजे पाय आत घे, अंगठा खाली म्हणजे कमान, मनगटाकडे बोट म्हणजे उंची बघ, समोर एक बोट रोखलं म्हणजे आत्ता उघड. शेवटच्या खुणेवर विचार करायचा नाही.

घरी सराव: पलंगावर किंवा बाकावर पालथं, फक्त ओटीपोट टेकलेलं, बाकी सगळं हवेत. धनुरासन येत असेल तर पाय न धरता तीच भावना. ३० सेकंद, विश्रांती, परत, आणि प्रत्येक वेळी पूर्ण क्रम तोंडाने म्हणत. हैदराबादला उभ्या वाऱ्याचा टनेल आहे. तिथे १० ते १५ मिनिटं घालवली तर पायांचा प्रश्न बराच सुटतो. टनेल पॅराशूट उघडायला मात्र शिकवत नाही.

झुळूक

दारातून निघण्याचं राहिलं. दारात उभं राहून आतल्या प्रशिक्षकाकडे बघायचं, मग बाहेरच्याकडे, दोघांची मान हलली की विमानाच्या पंख्याकडे बघायचं आणि "वर, खाली, कमान" या तालावर निघायचं. पंख्याकडे का, तर निघताना वारा पुढून येतो, खालून नाही. छाती आणि कंबर त्या वाऱ्याला दाखवली की तो तुम्हाला उताराच्या रस्त्यासारखा अलगद खाली वळवतो. खाली जमिनीकडे बघितलं की कंबर मोडते आणि कोलांटी होते. झालीच तरी कमान धरा, तीन-चार सेकंदांत सरळ होता.

निघाल्यावर पहिली उडी अशी जाते: क्षितिज, अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र), एका प्रशिक्षकाकडे, दुसऱ्याकडे. मग पॅराशूट उघडायच्या हँडलला हात लावायचा सराव तीनदा. मग दर चार-पाच सेकंदांना उंची. ६००० ला दोन्ही हात डोक्यावर हलवून "उघडतोय" सांगायचं, ५५०० ला उघडायचं. तुम्ही नाही उघडलं तर प्रशिक्षक उघडतो. म्हणजे तुम्ही त्या पातळीत नापास, पण तो अपघात नव्हे.

इथे एक विचित्र गोष्ट घडते. विद्यार्थी अल्टिमीटरकडे बघतो, पण वाचत नाही. मेंदू भरून गेलेला असतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने म्हणायचा. वाऱ्यात कोणाला ऐकू येत नाही, पण म्हणण्यासाठी तो वाचावा लागतो.

उसाचा_फड

मस्त. म्हणजे ही पाऊण मिनिटाची तयारी झाली की बाकी सोपं?

घाटमाथा

तिथेच सगळे फसतात. फ्री फॉलमध्ये आपटायला काही नसतं. बरेचसे पाय, घोटे आणि मणके नीट उघडलेल्या, निरोगी पॅराशूटखाली मोडतात. एएफएफच्या सगळ्या पातळ्यांना फ्री फॉलची नावं आहेत म्हणून लोक तोच अभ्यास करतात. कॅनॉपीखाली मात्र तुम्ही पहिल्याच उडीपासून एकटे असता. रेडिओवर आवाज असतो, तो बंदही पडू शकतो.

पण आधी उघडण्याचा क्रम, कारण बिघाड ओळखायला तो माहीत हवा. उजव्या कंबरेमागे, पिशवीच्या तळाशी पायलट च्यूट, म्हणजे एक छोटं पॅराशूट, असतो. तो ओढून बाजूच्या वाऱ्यात फेकायचा. तो पट्टी ताणतो, पट्टी पिन काढते, पिशवी उघडते, आतली छोटी पिशवी बाहेर येते, रबरबँडमधल्या दोऱ्या एकेक सुटतात, शेवटी कॅनॉपी बाहेर येऊन भरते. दोऱ्यांवरून एक चौकोनी कापड सरकत खाली येतं, तो स्लायडर. तो नसता तर कॅनॉपी एका क्षणात उघडून मान मोडली असती. हे सगळं व्हायला विद्यार्थ्याच्या कॅनॉपीला ७०० ते १००० फूट लागतात. म्हणून फेकल्यावर सेकंद मोजायचे: एक हजार, दोन हजार... पाच हजारपर्यंत. घाईने वर बघितलं तर अर्धवट उघडलेलं दिसतं आणि उगाच घाबरायला होतं.

कराडचा_वारा

बिघाडांचं मी घेतो. वर बघून तीन प्रश्न: चौकोनी आहे? स्थिर आहे? वळते आणि ब्रेक घेते? तिन्ही हो असेल तर उतरा. एक जरी नाही आणि २५०० आलं तर सोडा.

दुरुस्त होणारे त्रास वेगळे. दोऱ्यांना पीळ पडला असेल तर वरच्या पट्ट्या, म्हणजे रायझर, दोन्ही हातांनी फाकवायचे आणि झोक्याला पीळ पडल्यावर पायाने उलटं फिरतो तसे पाय मारायचे. पीळ सुटेपर्यंत ब्रेकला, म्हणजे कॅनॉपीची मागची कड खाली ओढणाऱ्या दोन दोऱ्यांना, हात लावायचा नाही, नाहीतर एक बाजू ओढली जाऊन कॅनॉपी गिरकी घेते. कडेचे कप्पे मिटलेले असतील किंवा स्लायडर अर्ध्यात अडकला असेल, तर दोन्ही ब्रेक पूर्ण खाली ओढून, क्षणभर धरून सोडायचे. असं दोन-तीनदा. हे सगळं करताना नजर उंचीवर. पीळ सोडवण्यात रमलेला माणूस २५०० विसरतो, हा खरा धोका.

न सुटणारे: नुसती चिंधीसारखी फडफडणारी कॅनॉपी, पिशवीतून बाहेरच न आलेली, फाटलेली, जोरात गिरक्या घेणारी, दोऱ्यांत गाठ बसून एका बाजूला ओढणारी. इथे क्रम असा: लाल बघा, लाल धरा, चंदेरी बघा, लाल ओढा, चंदेरी ओढा, कमान. लाल हँडल उजव्या बाजूला असतं आणि मुख्य कॅनॉपी सोडतं. चंदेरी डावीकडे, ते राखीव उघडतं. हँडल हात लांब होईपर्यंत ओढायचं. अर्ध्यावर थांबलेला हात ही नेहमीची चूक. लाल आधी का, तर मुख्य कॅनॉपी तशीच असताना राखीव सोडली तर दोन्ही एकमेकांत गुंततात.

खांद्यावर तीन कड्या एकमेकींत अडकवलेल्या दिसतात, ती बिल बूथ यांची योजना. प्रत्येक कडी ताण कमी करत नेते, म्हणून शेवटी एका बारीक दोरीच्या फासावर अख्ख्या माणसाचं वजन तोलतं आणि एका ओढीत सुटतं.

जरा_जपून

@कराडचा_वारा, एक भर. काहीच बाहेर आलं नाही, पिशवी बंदच आहे, तेव्हा थेट चंदेरी की आधी लाल? तुमच्या लिहिण्यावरून नवखा गोंधळेल.

कराडचा_वारा

बरोबर. पिशवी बंदच असेल तर सोडायला काही नाही, थेट चंदेरी. वादाची जागा वेगळी आहे: पायलट च्यूट बाहेर आहे, मागे फरफटतोय, पण पिशवी उघडत नाही. एक मत म्हणतं थेट चंदेरी, कारण वेळ वाचतो. दुसरं म्हणतं लाल आणि मग चंदेरी, कारण राखीव उघडताना मुख्य पिशवीही सुटू शकते आणि प्रत्येक संकटाला एकच क्रम असला की हात चुकत नाही. दोन्हींना आधार आहे. नवख्याने शाळा जे शिकवेल ते एकच घ्यायचं आणि नेटवरचे वाद, हा धागा धरून, विमानात न्यायचे नाहीत.

जरा_जपून

हे पटलं. एएडीबद्दलही, म्हणजे राखीव आपोआप उघडणाऱ्या यंत्राबद्दल, लिहून टाकतो, कारण "मशीन आपोआप उघडतं" असा समज फार आहे. जर्मन सायप्रस १९९१ मध्ये आलं आणि तेव्हापासून हे यंत्र सर्रास झालं. ते मुख्य पॅराशूटला हात लावत नाही. ७५० फुटांच्या आसपास तुम्ही अजून जोरात पडत असाल तर राखीवची पिशवी बंद ठेवणारा फास कापतं, बस्स. ७५० म्हणजे अजिंक्यताऱ्याच्या पाऊण उंचीवर. त्यावर विसंबून उंची बघायचं सोडणं म्हणजे ब्रेक आहेत म्हणून आंबेनळी घाटात डोळे मिटणं.

आणि १००० फुटांखाली काही बिघडलं तर मुख्य कॅनॉपी सोडायची नाही. राखीव भरायला उंची उरत नाही.

घाटमाथा

आता उतरणं. १००० फुटांवर तुम्ही ठरलेल्या बिंदूवर असायला हवं. तिथून वारा पाठीवर घेऊन, उतरण्याची जागा बाजूला ठेवून जायचं, ६०० पर्यंत. मग ९० अंश वळण, ३०० पर्यंत आडवं. मग पुन्हा ९० अंश, आता वारा तोंडावर, आणि सरळ. वारा तोंडावर का, तर कॅनॉपीचा पुढचा वेग ताशी ३५ धरला आणि वारा १५ चा असला, तर जमिनीवरून तुम्ही फक्त २० ने सरकता. पाठीवर घेतला तर ५० ने. तोच माणूस, तीच कॅनॉपी.

वारा वाढला की आडवा टप्पा जागेच्या जवळ ओढून घ्यायचा, कारण शेवटच्या सरळ टप्प्यात पुढे सरकणं कमी होतं. यूएसपीएची विद्यार्थ्यांसाठी चौकोनी कॅनॉपीवर वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे २२ किलोमीटर. त्यावर जमिनीवर बसून चहा.

१० ते १५ फुटांवर दोन्ही ब्रेक एकसारखे, सलग, पूर्ण खाली. याला फ्लेअर म्हणतात. उंची पायाखाली बघून कळत नाही. नजर पुढे, ४५ अंशांवर किंवा क्षितिजाकडे. पायाखाली बघणाऱ्याला जमीन अंगावर आल्यासारखी वाटते आणि तो वरच फ्लेअर करतो. वर झालाच, तर जिथे हात थांबले तिथेच धरा, पाय जुळवा, लोळण घ्या. चूक सुधारायला ब्रेक सोडले तर कॅनॉपी पुढे झेप घेते आणि तुम्हाला तोंडावर आपटते. दुसरी चूक: पडतोय असं वाटून एक हात जमिनीकडे जातो. त्या हातात ब्रेक असतो. हात खाली गेला की कॅनॉपी त्याच बाजूला वळते आणि मनगटही त्याच बाजूला.

सगळ्यात वाईट चूक शेवटी लिहितोय. १०० फुटांवर समोर काहीतरी दिसलं, किंवा वारा तोंडावर नाही हे लक्षात आलं, आणि एक ब्रेक जोरात ओढला. वळणात कॅनॉपी डोक्यावरून बाजूला जाते, वेग एकदम वाढतो, आणि सरळ व्हायला उंची नसते. खाली आल्यावर पंख समतल ठेवणं हे वाऱ्याच्या दिशेपेक्षा मोठं. आडव्या वाऱ्यात उतरा, हवं तर पाठीवर वारा घेऊन उतरा, पण समतल, फ्लेअर करून आणि पाय जुळवून. थोडं बाजूला व्हायचंच असेल तर अर्धे ब्रेक घेऊन, हलकेच.

अपशिंगेकर

लोळणीवर लिहितो. आमच्याकडे प्रत्येक गल्लीत फौजी आहे, त्यामुळे "आग्र्याची ट्रेनिंग", म्हणजे फौजेच्या पॅराशूट शाळेतली, सगळ्यांना ऐकून पाठ असते. फौजेच्या मूळ कोर्सच्या पाच उड्या स्टॅटिक लाइनच्या, १२५० फुटांच्या आसपासवरून. तिथल्या गोल पॅराशूटला फ्लेअर नसतो. खाली येण्याचा वेग सेकंदाला १८ फूट धरला तर तो पाच फुटांच्या भिंतीवरून उडी मारण्याएवढा बसतो. म्हणून तिथे लोळण हाच जीव. चौकोनी कॅनॉपीवर फ्लेअर आला म्हणून लोक लोळण शिकायला कंटाळतात, आणि मग घोटा जातो.

पद्धत: पाय आणि गुडघे घट्ट जुळवलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीला, कोपरं अंगाशी. टेकण्याचा क्रम चवडे, पिंढरीची बाजू, मांडीची बाजू, नितंब, मग पाठीवरून तिरकं विरुद्ध खांद्याकडे. धक्का पाच ठिकाणी वाटला जातो. पाय फाकलेले असतील तर एका पायावर सगळा भार येतो. नुसतं बसल्यासारखं पडलात तर मणका.

सराव दोन फुटांच्या ओट्यावरून, तालमीच्या मातीत. सांगली-साताऱ्यात आखाड्यांची कमी नाही, वस्तादांना विचारा. डावीकडे २०, उजवीकडे २०, मागच्या बाजूला २०. सिमेंटवर करू नका.

तासगावचा_मांडव

पुढे कधी आपल्या जिल्ह्यांत, कराडच्या धावपट्टीवर वगैरे उड्या सुरू झाल्या तर? जागेबाहेर उतरायची वेळ आली तर इकडे काय काय अडचणी?

जरा_जपून

धावपट्टी असून भागत नाही. दार उघडं ठेवून उडता येणारं विमान, हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी आणि उतरायला मोकळी जागा, तिन्ही लागतात. साताऱ्याची जमीन समुद्रसपाटीपासून २३०० फुटांच्या आसपास आहे. तिच्यावर १३,००० म्हणजे विमान १५,३०० ला. अमेरिकेच्या नियमात १५,००० च्या वर उडी मारणाऱ्यांनाही ऑक्सिजन लागतो. शिवाय विरळ, तापलेल्या हवेत तीच कॅनॉपी जास्त वेगाने उतरते. अल्टिमीटर नेहमी उतरायच्या जागेवर शून्य करायचा, तो जमिनीच्या या उंचीमुळेच.

अडचणी म्हणाल तर आपल्या भागात मोकळं दिसणारं सगळं मोकळं नसतं. तासगावकडची द्राक्षबाग वरून हिरव्या गालिच्यासारखी दिसते, पण खाली लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा. तिथे अजिबात नाही. उभा ऊस त्यापेक्षा बरा, पण उसाच्या शेंड्यांना जमीन समजून तिथे फ्लेअर केला की पुढचं खाली पडणं आहेच; पाय जुळवून, चेहरा झाकून. सगळ्यात चांगलं नांगरून सपाट केलेलं किंवा पीक काढलेलं रान, आणि ते २००० फुटांवरच ठरवायचं, ५०० वर नाही.

विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. खांबांची रांग दिसली की मधे तार आहेच. टाळताच आली नाही तर पाय जुळवून, पंख समतल ठेवून तारांना समांतर. लटकलात तर दोन तारांना एकदम स्पर्श नको आणि महावितरणने लाइन बंद केल्याशिवाय गावकऱ्यांना पायाला धरून ओढू देऊ नका. ते मदतीला धावणारच, म्हणून आधी ओरडून सांगा.

पाणी, म्हणजे कृष्णा किंवा कालवा: छातीचा पट्टा थोडा सैल करा, पण पाय पाण्याला लागेपर्यंत काही सोडू नका. पाण्यावर उंचीचा अंदाज फसतो आणि ५० फुटांवरून पॅराशूट सोडणारे सापडतात. फ्लेअर करून आत जायचं, मग पट्टे सोडून, दोऱ्यांपासून लांब, प्रवाहाच्या उलट पोहत बाहेर.

झाड, इमारत, टेकडी यांच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा उकळते, अडथळ्याच्या उंचीच्या १० ते २० पट अंतरापर्यंत. ४० फुटी वडामागे ४०० ते ८०० फूट. पाचगणीच्या मंडळींना हे कळेल: कड्यामागचा रोटर, म्हणजे हवेचा भोवरा, तोच छोटा.

झुळूक

घडी घालण्यावर थोडं. पहिल्या उड्यांना पॅकर घडी घालतो, पण ए परवान्याला स्वतः घालून दाखवावी लागते. सुरुवातीला तास-दीड तास घाम, नंतर दहा-पंधरा मिनिटं. चार गोष्टी कधी चुकवू नका. ब्रेक लावून ठेवलेत का. स्लायडर पूर्ण वर, थांब्यांना टेकलेला आणि चारी बाजूंनी नीट पसरलेला का. पायलट च्यूट "कॉक" केलाय का, म्हणजे भरेल असा ताणून ठेवलाय का, त्याच्या पट्टीवरच्या खिडकीत रंग दिसतो. तो न केल्यास च्यूट भरत नाही आणि वर वाद घातला ती मागे फरफटण्याची वेळ येते. आणि दोऱ्यांचे फास रबरबँडमध्ये दोन-अडीच इंचांचे, घट्ट. सैल असले तर दोऱ्या एकदम सुटतात आणि उघडताना जबर झटका बसतो. तुटका रबरबँड दिसला की बदला, "एक उडी चालेल" नको.

राखीवची घडी तुम्ही घालायची नाही. ती परवानाधारक रिगर घालतो, अमेरिकेत दर १८० दिवसांनी. कार्डावरची तारीख बघायचा हक्क विद्यार्थ्यालाही आहे.

उसाचा_फड

सुट्ट्या तुकड्यांत मिळतात. तीन उड्या दिवाळीत, बाकी उन्हाळ्यात, असं चालेल का?

घाटमाथा

नाही. विद्यार्थ्याची उडी ३० दिवसांत झाली नाही तर प्रशिक्षकाबरोबर उजळणी करावी लागते, आणि ती उडी तुमच्याच खिशातून. सलग दोन आठवडे काढा आणि त्यातले तीन-चार दिवस वारा-ढगांत जाणार हे धरून चाला. बजेटमध्ये एखाद-दुसरी पातळी परत करण्याचे पैसे ठेवा. पुन्हा करावी लागणं अगदी सर्रास आहे. ए परवान्यासाठी २५ उड्यांपैकी पाच गटाबरोबर, पाच वेळा रेडिओशिवाय लक्ष्याच्या २० मीटरांत उतरणं, आणि परीक्षा. लक्ष्याजवळ उतरण्याची अट बहुतेकांना अडवते, कोलांटी नाही.

खांदा पूर्वी निखळला असेल तर आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर. वाऱ्यात हात मागे नेताना तोच सुटतो, आणि हँडल त्याच हाताने ओढायचं असतं. सर्दी असेल तर त्या दिवशी नको; कान-कपाळ बंद असताना १३,००० फूट झपकन खाली येणं म्हणजे कळ. स्कूबा केलं असेल तर मध्ये २४ तास जाऊ द्या, थायलंडला जाणारे हे विसरतात.

मिरजमळा

कपड्यांचं: १००० फुटांना साधारण २ अंश उतरतात. खाली ३५ असेल तर वर ९. जंपसूटखाली पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला. शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, त्याची बातमी बघून काहींना फेटा-उपरण्याची हुक्की येते. त्यांच्या मागे शेकडो उड्यांचा सराव होता. फडफडणारं कापड हँडलवर आलं की हाताला हँडल सापडत नाही. नवख्याने जंपसूट.

विमानात चढण्याआधी तीनाचं तपासणं: तीन कड्या दोन्ही बाजूंना, तीन पट्टे (छाती आणि दोन मांड्या), तीन हँडल. छातीचा पट्टा बकलमधून उलटा परत आणलेला आहे ना, हे बोट घालून बघा. नुसता ओवलेला पट्टा ओढला की घट्ट वाटतो आणि झटक्याला सुटतो.

तासगावचा_मांडव

चष्मा आणि बुटांचं सांगा. ट्रेकचे बूट आहेत, ते चालतील ना?

मिरजमळा

लेस अडकवायला वर धातूचे हुक असतील तर नाही. पॅराशूटच्या दोऱ्या त्यात अडकतात. साधे, सपाट तळव्याचे, लेस आत खोचता येतील असे कॅनव्हासचे किंवा धावायचे बूट. चष्म्यावरून बसणारे मोठे गॉगल शाळेत मिळतात. काड्या जाड असतील तर गॉगलच्या कडेच्या फटीतून वारा शिरून डोळ्यांतून पाणी येतं आणि अल्टिमीटर दिसत नाही. बारीक काडीचा जुना चष्मा असेल तर तो न्या, मागे दोरी लावून.